सुधेस पत्र: देखाव्यातला हिमालय आणि आपला जानापाव

इंदूर,
नागपंचमीनंतरचा रविवार

प्रिय सुधे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तुझी दोन्ही पत्रं आणि नीरजाच्या साखरपुड्याचे फोटो मिळाले, उत्तर मात्र गेलं नाही. कारण देत बसत नाही, तुला ती सगळी पाठ आहेत. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, ह्यांचा मोतीबिंदू निघाला. झालं.

आता खरं काय ते. आमच्या मंडळाने यंदा गणपतीला देखावा ठरवलाय, ‘हिमालय ते मालवा: पृथ्वी कशी घडली’. ऐकून मला आनंदाचं भरतं आलं आणि मी होऊन ‘काही मदत लागली तर सांगा’ म्हणाले. तेव्हापासून झोप नाही. हे इथे कोणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, ‘अगं, गणपतीचा देखावा आहे, पीएचडी नाही.’ जोशी वहिनींना सांगितलं तर त्या उकडीच्या मोदकांवर येतात. तूच एक अशी आहेस जिला कापसाची हिमनदी बघून पोटात गोळा येईल.

हो, कापसाची. पांढरी शुभ्र, निळ्या एलईडीत न्हायलेली, गोमुखापासून थेट शंकराच्या पिंडीवर. पिंडीबद्दल माझं काही म्हणणं नाही, गंगा जटेतून येऊ दे. पण गोमुखाशी बर्फ कापसासारखा नसतो गं! तीस किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी, तिचा खालचा भाग दगडगोट्यांनी आणि राखाडी चुऱ्याने झाकलेला. मी म्हटलं, कोळशाची राख आणि बारीक खडी भुरभुरवा. सेक्रेटरी म्हणाले, ‘काकू, घाण दिखेगा.’ मी म्हटलं, तसंच दिसतं.

त्याहून वाईट पुढे आहे. हिमनदीच्या तोंडाशी दगडांचा ढीग हवा, हिमोढ, हे पोरांना पटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी ते दगड चाळणीने चाळून आकारवार लावलेले. मोठे खाली, मधले मध्ये, वाळू वर. एका पोराने तर अभिमानाने फोटो काढला. अगं, निवडणं हे नदीचं काम! पाण्याचा वेग कमी झाला की आधी गोटे टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. हिमनदी काहीच निवडत नाही. बैलगाडीएवढा धोंडा आणि पिठासारखी भुकटी, सगळं एकाच ढिगात टाकून देते. ती भुकटी म्हणजे तळाच्या खडकाचा दळलेला चुरा, तीच वितळपाण्यात तरंगते म्हणून गोमुखाशी भागीरथी गढूळ, दुधट दिसते. मी त्यांना चाळलेलं सगळं परत एका घमेल्यात ओतून फावड्याने कालवायला लावलं. त्या पोराचा चेहरा बघवेना.

दरी. दरीचं काय केलंय ऐक. वरून खालपर्यंत एकसारखी इंग्रजी व्ही. नदी खाली कापत जाते आणि बाजूचे उतार ढासळत येतात, म्हणून व्ही. हिमनदी दरीच्या तळालाही घासते आणि भिंतींनाही, म्हणून यू. वरचा भाग यू आणि खालचा व्ही करायचा, एवढं साधं. त्याची युक्ती मी सांगितली: ओल्या शाडूत पुठ्ठ्याचा अर्धगोल कापून एका दमात वरून खाली ओढायचा, थांबायचं नाही, थांबलं की तिथे पायरी पडते. व्हीसाठी सुरी तिरपी धरून दोन काप. आणि बाजूच्या लहान दऱ्या मुख्य दरीच्या तळाला मिळवायच्या नाहीत, तीन-चार इंच वर सोडायच्या. लहान हिमनदीचा बर्फ पातळ, त्याचं वजन कमी, तो कमी खोल खणतो. बर्फ गेल्यावर ती दरी अधांतरी राहते आणि तिथून धबधबा पडतो. एवढा फुकटचा धबधबा मिळतोय म्हटल्यावर मात्र सेक्रेटरी एकदम खूश. पंप आधीच आणून ठेवलाय त्यांनी.

आता चालती हिमनदी. इथे मला तुझं मत हवंय, कारण शाळेत हा प्रयोग तू केला होतास आणि मी फक्त टाळ्या वाजवल्या होत्या. मी असं ठरवलंय: एक कप पांढरं फेविकॉल पाऊण कप कोमट पाण्यात एकजीव करायचं. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप कोमट पाण्यात दोन चमचे टाकणखार पूर्ण विरघळवायचा, खाली कण राहता कामा नयेत. मग दुसरं पहिल्यात थोडं थोडं घालत हाताने मळायचं. टाकणखार जास्त झाला तर गोळा ताणल्यावर तुटतो, कमी पडला तर नुसताच वाहून जातो. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून तीन फुटांची पन्हळ, तिला साधारण बारा अंशांचा उतार. वर गोळा ठेवायचा, त्यावर मार्करने आडवी सरळ रेघ. थोड्या वेळाने रेघ मध्येच पुढे वाकते, कारण कडांना घर्षण असतं आणि मधला भाग वेगाने सरकतो. खऱ्या हिमनदीवर खुंट्या रोवून मोजलं तरी हेच. वरचा तीस-चाळीस मीटरचा बर्फ ठिसूळ असतो, म्हणून तिथेच भेगा पडतात. त्याखालचा बर्फ स्वतःच्या वजनाने वाहतो.

भीती एवढीच की हॅलोजनखाली गोळ्यावर साय धरेल आणि तो पन्हळीलाच चिकटून बसेल. दर तासाला पाण्याचा हबका आणि पन्हळीला आधी पातळ तेलाचा हात, असं मनात आहे. तुझ्या वेळी काय करत होतीस? आणि टाकणखार पोटात जाता कामा नये, तेव्हा समोर काच हवीच. आमच्याकडची पिल्लावळ प्रसाद समजून काहीही तोंडात घालते.

ओरखड्यांचा प्रयोग त्याहून सोपा आणि त्याला खर्च शून्य. पावाच्या साच्यात तळाला बारीक खडी आणि वाळू, वर पाणी, रात्रभर फ्रीझरमध्ये. बाहेर काढून पाचेक मिनिटं थांबायचं, म्हणजे खडीचे दात बर्फातून बाहेर येतात. मूर्तीच्या शाडूतली उरलेली लादी थापून, हाताला चिकटेनाशी झाली की तिच्यावर तो ठोकळा दाबून एकाच दिशेने ओढायचा. समांतर रेघा मिळतात. शाडू जास्त वाळला तर काहीच उमटत नाही, ओला असला तर ठोकळ्यालाच चिकटून वर येतो. आणि पोरं ठोकळा पुढे-मागे घासतात, तसं करू द्यायचं नाही. हिमनदी मागे येत नाही.

ह्याच्याशेजारी मला इरईचा फोटो लावायचाय, सुधे. त्यासाठीच खरं तर हे पत्र. चंद्रपूरच्या बाजूला चुनखडकावर तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीचे ओरखडे आहेत, हे इथे कोणाला ठाऊक नाही. लोकांना वाटतं बर्फ म्हणजे मनाली. आपला हा सगळा भाग तेव्हा गोंडवनात, म्हणजे दक्षिणेकडच्या त्या जुन्या अखंड महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या जवळ, बर्फाखाली होता, आणि त्या बर्फाने टाकलेला गोट्यांचा थर ओडिशातल्या तालचेरला 1856 मध्ये ओळखला गेला, हे मी सांगितलं तर एक गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, चंद्रपुरात तर अठ्ठेचाळीस डिग्री असतं.’ तुझ्याकडचा तो जुना फोटो पाठव, ज्यात रुपयाचं नाणं ठेवलंय. तुझा अंगठा ज्यात आलाय तो नको.

आता आपलं जुनं भांडण. होय, जानापाव, महूजवळची ती टेकडी. बसून वाच.

मंडळाला मालव्याच्या भागात ज्वालामुखी हवाय. शंकूसारखा, वर भोक, त्यातून ड्राय आइसचा धूर आणि लाल दिवा, खाली पाटी ‘जानापाव’. प्रायोजकांनी म्हणे धुरासाठी वेगळे पैसे दिलेत. मला वाटलं हे तूच येऊन सांगून गेलीस की काय! तुझं ते ‘गोल टेकडी, वर कुंड, मग तोंडच असणार’ मी अजून विसरलेले नाही. साडेआठशे मीटरच्या वर उंच टेकडी आहे म्हणून ती ज्वालामुखी होत नाही. आजूबाजूचे थर झिजून गेले, ती उरली. आणि गोल खड्डा म्हणून ज्वालामुखी म्हणायचं तर लोणारही ज्वालामुखीच होता म्हण ना. पावणेदोन किलोमीटरहून मोठा खड्डा, तोही बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकात, आणि केला उल्केने. तिथे तू गप्प बसली होतीस, हेही मला आठवतं.

दख्खनचा लाव्हा असा शंकूतून उसळला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून आला आणि पसरला, एकावर एक. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर उरलाय. पसरला का, तर बेसॉल्टमध्ये सिलिका, म्हणजे लाव्ह्याला घट्ट करणारं द्रव्य, पन्नास टक्क्यांच्या आसपासच, म्हणून पातळ. गुजरातेतल्या पावागडच्या माथ्यावरचा रायोलाइट, तोही लाव्ह्याचाच खडक, पण सत्तर टक्क्यांच्या घरातला, घट्ट, तो असा पळत नाही.

मी मंडळाला बदली प्रयोग दिलाय. प्लायला दोन फुटांची, अर्ध्या सेंटीमीटरची चीर पाडायची. खालून दुधाच्या पिशवीतून लाल रंगाची मैद्याची खळ दाबायची. पातळ खळ दोन्ही बाजूंना सपाट पसरते. शेजारी छोट्या भोकातून घट्ट खळ दाबली की ढीग होतो. म्हणजे भेग आणि तोंड, पातळ आणि घट्ट, चारही गोष्टी एका फळीवर. खळ रोज ताजी करावी लागेल, श्रावणात ती दुसऱ्या दिवशी आंबते. आणि एक थर सुकल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही, नाहीतर सगळा लगदा होतो. सेक्रेटरींनी विचारलं, ‘और धुआं?’ मी म्हटलं भेगेतून सोडा की, लांबच लांब धूर! त्यावर ते विचारात पडलेत. प्रायोजकांना विचारून सांगतो म्हणाले.

थरांची कड मात्र अगदी मनासारखी होणार आहे. पांढरं सिमेंट एक भाग, बारीक वाळू तीन भाग, इंचभर जाडीचा थर म्हणजे बेसॉल्ट. मध्ये पाव इंच गेरू आणि वाळू, सिमेंट अजिबात नाही, म्हणजे दोन लाव्ह्यांमधला तांबडा थर. असे पाच थर. प्रत्येक सिमेंटचा थर निदान आठवडाभर ओला ठेवायचा, नाहीतर पाणी सोडल्यावर तोच आधी भुसभुशीत होऊन सगळं गणित उलटं. मग वरून पाणी सोडलं की गेरू आधी वाहून जातो, वरचा थर पुढे लटकत राहतो आणि शेवटी तुकडा पडतो. धबधबा मागे सरकला! पातालपाणी असंच मागे मागे सरकत आलंय. पंपाच्या तोंडाला जुन्या साडीचे दोन पदर बांधायला सांगितलेत, गेरू आत गेला तर पंप तासाभरात बसेल.

प्रमाणाचा घोळ ऐक, हा तुला आवडेल. एक आठ बाय चारची प्लायशीट. तिच्या आठ फुटांत महू ते मंडलेश्वर, चाळीस किलोमीटर. म्हणजे एक सेंटीमीटर म्हणजे साधारण 165 मीटर. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशेवर, नर्मदाकाठ दीडशेच्या आसपास, फरक चारशे मीटर. म्हणजे विंध्याचा सगळा कडा, ज्यावर जाम दरवाजात उभं राहून आपण निमाड बघतो, तो फळीवर अडीच सेंटीमीटरही नाही! त्यामुळे उंची दहापट फुगवली, चोवीस सेंटीमीटर झाली, बरी दिसते. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले हिमालयही त्याच प्रमाणात करा, म्हणजे मुलांना तुलना कळेल. हिशेब केला: एव्हरेस्ट साडेसतरा फूट. मंडप बारा फुटांचा. म्हणून दोन प्रमाणं, आणि दोन्हीकडे ठळक पाटी की उंची किती पट फुगवलीय. पाटी नसेल तर मुलांना वाटायचं विंध्य आणि हिमालय सख्खे भाऊ.

त्या कड्यावर मला एक गोष्ट दाखवायचीच आहे. महूच्या दक्षिणेला पाणी दुभंगतं. जानापावची चंबळ आणि आमची कान्ह उत्तरेला निघतात, कान्ह क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, शेवट बंगालच्या उपसागरात. तिथून जवळच्याच पातालपाण्याची चोरल दक्षिणेला कडा उतरून नर्मदेला, म्हणजे अरबी समुद्रात. मालव्याचं पठार उत्तरेकडे कललेलं आणि दक्षिणेला नर्मदेची भेगाळलेली, दबलेली पट्टी, म्हणून हे असं. ती पट्टी अजून पुरती शांतही नाही, जबलपूरचा 1997 चा भूकंप तिच्यावरचाच. दोन निळ्या नळ्या, दोन दिशांना. ह्यावर मंडळात एकमत झालं, कारण त्यात कोणाला काही कमी-जास्त वाटलं नाही.

हिमालयाची पेटी आठवलेंच्या नातवाने केलीय, पोरगा गुणी. दोन फुटी काचेची माशांची पेटी, त्यात कोरडी बारीक वाळू आणि रंगीत रांगोळी, सेंटीमीटर-सेंटीमीटरचे आलटून पालटून सहा थर. एका टोकाला फळी, ती हळूहळू दहा-पंधरा सेंटीमीटर आत ढकलायची. थर आधी उचलले जातात, मग तुटून एकमेकांवर चढतात. ह्या हवेत रांगोळी गोळे धरते, ती कढईत जरा गरम करून घ्यायची, आणि काच आतून कोरडी पुसायची, नाहीतर थर काचेला चिकटून फरफटतात. पण त्याने फळीवर लिहिलं होतं ‘भारत’. आपण उत्तरेला सरकतोय, वर्षाला पाचेक सेंटीमीटर, म्हणून ढकलणारे आपण, हे त्याचं तर्कशास्त्र बरोबर. पण वाळूला कोण हलतंय ह्याने फरक पडत नाही, अटकाव कुठे आहे ह्याने पडतो. नवे तडे फळीपासून लांब लांब पडत जातात. हिमालयात आधीचे तडे उत्तरेला, नंतरचे दक्षिणेला, सगळ्यात नवा शिवालिकच्या पायथ्याशी. म्हणजे फळी तिबेटची! पाटी बदलल्यावर क्रम जुळला. पोराने दोनदा विचारलं, मग म्हणाला, ‘काकू, मग आपण वाळू आहोत.’ मी म्हटलं, हो.

वर ठेवायला मी आमच्या देवघरातला शाळिग्राम देणार आहे. चक्रासकट. गंडकीच्या पात्रातला, आणि मुळात हिमालय नव्हता तेव्हाच्या समुद्रातला शंखजीव. एव्हरेस्टच्या टोकावरही समुद्रातलाच चुनखडक आहे. सासूबाई असत्या तर देवघरातून हलवू दिला नसता.

दोन गोष्टींवर मी अजून हट्ट धरून आहे आणि दोन्ही अडल्यात. एक, पोरांना बटण हवंय, दाबलं की ‘ग्लेशियर फटा’ आणि पूर. 2021 ला चमोलीत हिमनदी फुटली नव्हती, रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा कडाच सुटून आला, त्यात खडकच जास्त. 2023 ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक तळ्यात कडेचा हिमोढाचा उतार कोसळला, लाट उठली, तळ्याचा बांध फुटला आणि चुंगथांगचं धरण गेलं. हिमोढाचा बांध म्हणजे सुटा राडारोडा, त्याला ना चुना ना सिमेंट. आत पुरलेला बर्फ वितळला की तो खचतो, पाणी झिरपून वाट काढतं, नाहीतर लाट वरून जाते आणि माथा कापत नेते. बटण ठेवा, पण हिमोढाचा बांध आणि मागे तळं करून ठेवा, आणि वरून ढेकूळ पाडा. पेटीत हे सहज होतं. अध्यक्षांना भीती की पाणी मूर्तीपर्यंत जाईल. ती भीती मात्र खरी आहे, आमचा मंडप उताराला आहे.

दुसरं, कुणीतरी शेतातले गोल काळे धोंडे आणून ‘हिमनदीने आणलेले दगड’ म्हणून मांडलेत. अगं, ते आपलेच! बेसॉल्टच्या सांध्यांत पाणी शिरतं, कोपऱ्यांना तीन बाजूंनी खातं, कोपरे आधी जातात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत आत गोल गाभा उरतो. हिमनदीचा धोंडा ओळखायचा तर आधी तो खालच्या खडकाहून वेगळ्या जातीचा आहे का बघायचं, मग घासून सपाट झालेल्या बाजू आणि त्यांवरचे ओरखडे. ह्यात एकही नाही. मी एक धोंडा हातोडीने टिचकावून पापुद्रा काढून दाखवला, तर म्हणतात ‘काकू, तोडा मत, डेकोरेशन का है.’ विंध्यात ह्या हिमयुगात हिमनदी आलेली नाही हे मी कितीदा सांगू? त्यापेक्षा कावडिया पहाडचे ते बेसॉल्टचे खांब दाखवा म्हटलं, देवास जिल्ह्यातलेच, लोक ते बघायला मुद्दाम जातात. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे पडतात आणि पाच-सहा बाजूंचे खांब होतात. पुठ्ठ्याच्या नळ्यांचे कोणीही करेल. तर म्हणतात ‘वो तो भीम का है.’ असू दे भीमाचं, थंड तर लाव्हाच झाला ना!

तुझं काय? गुडघा दाखवलास का, की अजून तेलच? नीरजाचा होणारा नवरा फोटोत बरा दिसतो, डोळे नम्र आहेत. लग्न कार्तिकात असेल तर मी येते, मार्गशीर्षात असेल तर ह्यांचा दुसरा डोळा आहे, बघू. सुनेची बदली झाली का? बागेत हात घालत बसू नकोस ह्या पावसात.

आणि जानापावबद्दल तुला काय म्हणायचं असेल ते लेखी पाठव, फोनवर तू विषय बदलतेस. पाटीचा मजकूर मी असा केलाय: ‘हा ज्वालामुखी नाही. लाव्ह्याच्या आडव्या थरांतून झिजून उरलेली टेकडी आहे. चंबळचा उगम इथे मानतात.’ पहिलं वाक्य काढा, भाविक नाराज होतील, असं मंडळ म्हणतंय. मी म्हणते पहिलंच ठेवा, हवं तर बाकीची दोन काढा. तुला मान्य नसलं तरी पहिल्या वाक्याला होकार दे. एका बाजूला तू असलीस तर मला सांगता येईल की नागपूरच्या तज्ज्ञांनीही मान्य केलंय.

फोटो लवकर. प्रिंट मोठी काढायची आहे, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

तुझी,
वसू

ता. क. फोटोत ओरखड्यांची दिशा कुठली ते पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं असशील तर तेही कळव. मागच्या वेळी तू उत्तर बाण काढला होतास आणि तो रुपयाच्या खाली गेला होता.